साडूची कंपनी, माझी कंपनी

मत्सर करावा तर साडूचा! भावाचा केला तर आई रडते, शेजाऱ्याचा केला तर बोलणं बंद होतं. साडूचा मात्र दिवाळीच्या फराळाबरोबर चवीनं करता येतो. मी शिरूरचा, माझा थोरला साडू दौंडचा आणि आमची सासुरवाडी न्हावऱ्याची.

दोन हजार सालाच्या सुमाराला आम्हा दोघांनाही शेअरचं वेड लागलं. त्यानं एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीचे घेतले, मी तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे. शेअर मूठभर, पण बोलायचो असं की जणू रोज सकाळी कंपनीचं शटर आम्हीच वर करतो.

त्या दिवाळीत सासऱ्यांच्या हातात कांद्याचे पैसे होते. "ज्याची कंपनी जास्त कमावती, तिच्यात घालू," ते म्हणाले. म्हणजे हुशार जावई कोण, याचा निकालच! साडूनं ऐटीत पेपरचं कात्रण काढलं. त्याच्या कंपनीचा नफा माझ्या कंपनीच्या तिप्पट! माझ्या तोंडातली चकली कडू झाली.

दुपारी साडू घोरत पडला असताना त्याच्या उशाखालचं कात्रण मी हळूच ओढलं. आणि काय सांगू! त्याचा आकडा अख्ख्या वर्षाचा होता, माझा फक्त तीन महिन्यांचा. चारनं गुणला की माझीच कंपनी पुढे! मी आरोळीच ठोकली. सगळं घर जमा झालं.

सासरे हसले. "वरसाचं मेंढरू आन् तीन महिन्याचं कोकरू एका मापानं मोजलं व्हय? मग पैसं तुमच्याच कंपनीत, पावणं."

मी छाती फुगवून साडूकडे पाहिलं. त्यानं निवांत जांभई दिली.

"घाला की. मी तर माझे कवाच विकले. चांगला भाव आला तवा. दौंडच्या घरावर स्लॅब टाकला त्यातनं."

"कंच्या भावानं विकलं?" सासऱ्यांनी खुर्ची सरळ त्याच्याकडे वळवली.

"अहो, मग हे कात्रण कशाला जपता?" मी कळवळलो.

"तुमचं तोंड बघायला, साडूभाऊ."

कांद्याचे पैसे माझ्या कंपनीपर्यंत पोचलेच नाहीत. उन्हाळ्यात त्याच पैशातून सासऱ्यांनी न्हावऱ्याच्या घरावरही स्लॅब टाकला. देखरेखीला खुर्ची टाकून साडू बसला होता. स्लॅबला पाणी मारायला मी होतो.