काठोकाठ भरलेला पेनड्राइव्ह

खुनाचे तपासही केले, पण निवृत्तीनंतर मन अडतं ते एका पेनड्राइव्हपाशी.

जबलपूरला ठाणेदार होतो. नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासच्या संचालकांनी तक्रार दिली. नोकरी सोडताना कॅमेरामनने सगळ्या लेक्चरांचा पेनड्राइव्ह दिला. त्यात नावं दिसतात, पण व्हिडिओ उघडत नाहीत. कॉम्प्युटरवरचं मूळ रेकॉर्डिंग जागा करायला पुसून झालं होतं. त्यात खबऱ्या म्हणाला, "साहब, वो सामने वाले क्लास में लग रहा है." समोरच्या क्लासात नोकरी धरतोय म्हटल्यावर मला हेतू मिळाला.

कॅमेरामन घमापूरचा, माझ्यासारखाच घरी मराठी बोलणारा. "साहेब, मी सगळं टाकलं होतं. पेनड्राइव्ह त्यांनीच आणून दिला."

संचालकांकडे त्याच पाकिटातला दुसरा, कोरा पेनड्राइव्ह होता. मी त्यात एक फोटो टाकला. उघडला.

"माल चांगला आहे. खोट तुझ्यात आहे," म्हणालो. फोन जप्त केला, दिवसभर बाकावर बसवलं.

घरी आलो तर बायको नवा माठ तोंडापर्यंत भरून परातीत ठेवत होती.

"इतकं पाणी काहून?"

"अर्धा भरला तर बुडाचंच समजते. चीर गळ्याशी असली म्हणजे?"

मी सोबत आणलेला तो कोरा पेनड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला आणि लग्नकार्यांच्या व्हिडिओंनी काठोकाठ भरला. कुठेही अडला नाही. मग काढून परत लावला आणि एकेक फाइल उघडली. सुरुवातीच्या काही चालल्या, पुढची सगळी नुसती नावं. पाकिटावर लिहिलेली जागा आत नव्हतीच.

"त्या माणसाला कळवलं का?" सगळं ऐकून बायकोने विचारलं.

सायबर सेलने तक्रारीतल्या पेनड्राइव्हबद्दलही तेच सांगितलं. खात्मा रिपोर्ट लागून प्रकरण बंद झालं. कॅमेरामन आपला फोन न्यायला आला.

"साहेब, नव्या क्लासच्या सरांना एक फोन करून द्या न. ठाण्यात बसवलं होतं म्हणून ते आता नाही म्हणून राहिले."

"चलो, देखते हैं," म्हणालो.

फोन केला असता तर चूक माझी, हे बोलावं लागलं असतं. केला नाही. त्याची नोकरी गेली.

अनोळखी बनावटीचा पेनड्राइव्ह घेतलात तर आधी पूर्ण भरा, काढून परत लावा, प्रत्येक फाइल उघडून पाहा, मगच मूळ पुसा. हे मी सगळ्यांना सांगतो. कुठे शिकलो, ते आज पहिल्यांदा सांगतोय.

पुढे एकदा कांचघर भागात तो वरातीचं शूटिंग करताना दिसला. त्याने कॅमेरा खाली घेऊन नमस्कार केला. मी गाडीची काच वर केली.