आत्याला हवी होती तारीख

आमची आत्या शिवणकाम करायची. तोंडात चार टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून माघारी सगळे तिला टाचणी म्हणायचे. अर्थात ते नाव नुसतं त्यामुळेच पडलं नव्हतं. आमच्या छोट्या प्रेसबिटेरियन ख्रिस्ती मंडळीत ती वडील होती, म्हणजे कारभार पाहणाऱ्या तिघांपैकी एक. उरलेल्या दोघांतले एक कानाने अधू, दुसरे स्वभावाने होयबा. त्यामुळे कारभार कोण पाहायचं ते वेगळं सांगायला नको.

आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बदलून गेले आणि त्यांच्या जागी दोन वर्षं कुणी आलंच नाही. रविवारी आत्या चर्चचं कुलूप काढायची, बाकांवरून फडकं मारायची आणि वेळ झाली की उभी राहून शास्त्रपाठ वाचायची. गाणीही तीच सुरू करायची, नेहमी एक पट्टी वर. सदतीस माणसं तिच्यामागे गळा ताणत गायची. एवढं निभायचं. अडायचं ते बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन या विधींपाशी. ते दीक्षा घेतलेल्या पाळकाशिवाय होत नाहीत, आणि पाळक पाठवायचा तो प्रेसबितेरीने. प्रेसबितेरी म्हणजे आसपासच्या बावीस मंडळ्यांची मिळून वरची सभा. तिचं कार्यालय आमच्यापासून बसने तीन तासांवर.

बेकरीवाल्या काकूंना नात झाली. आत्याने बाप्तिस्म्याचा पांढरा झगा शिवला आणि मला समोर बसवून पत्र लिहायला लावलं: एका रविवारी कुणाला तरी पाठवा. उत्तर आलं, ‘आपले पत्र साहाय्य समितीकडे सोपवले आहे.’ दुसऱ्या पत्रावर चोपन्न प्रश्नांची प्रश्नावली आली. ‘पाच वर्षांनंतरचे तुमच्या मंडळीचे स्वप्न काय?’ आत्याने लिहायला सांगितलं, ‘पाळक.’ ‘तुमची बलस्थाने कोणती?’ ‘धीर. तोही संपत आलाय.’ तिसऱ्या पत्रावर चर्चासत्राचं आमंत्रण आलं. विषय, स्थानिक मंडळ्यांना परिणामकारक साहाय्य. वेळ, रविवार, सकाळी दहा.

आत्याने टाचण्या तोंडातून काढल्या. फार चिडली की काढायची.

“रविवारी? म्हणजे यांनी आमची काळजी करायची म्हणून आम्ही चर्चला कुलूप लावायचं?”

तोवर काकूंच्या नातीला दात आले. झग्याची शिलाई एकदा उसवून सैल केली, मग दुसऱ्यांदा. काकू प्रेसबितेरीला काही म्हणत नसत, आत्यालाच म्हणत. “आता पोरगी चालत जाईल हो बाप्तिस्म्याला!” आत्या ऐकून घ्यायची आणि मग घरी येऊन मशीन इतकी जोरात चालवायची की दोरा तुटायचा.

शेवटी ती प्रेसबितेरीच्या सभेलाच गेली. सोबत मी. आमचा विषय चौदावा होता. ठरावात ‘सहकार्य’ म्हणायचं की ‘सहभाग’ यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाद चालला. दुपारी अध्यक्ष म्हणाले, “बाई, वेळ कमी आहे, दोन मिनिटांत सांगा.”

आत्याने पिशवीतून झगा काढून उंच धरला. मागे कुणीतरी हसलं.

“हसा. हा तीन महिन्यांच्या बाळासाठी शिवला होता. बाळ आता दीड वर्षाचं आहे. आम्हाला मदत कशी करावी यावर तुम्ही चर्चासत्रं घेतलीत. आमच्याकडे येऊन कोण बसलं? एक नाव सांगा.”

“बाई, आम्ही तुमच्या भावना समजू शकतो...”

“भावना राहू द्या. तारीख द्या.”

तारीख मिळाली नाही. विषय पुन्हा समितीकडे गेला. बाहेर व्हरांड्यात प्रेसबितेरीचे चिटणीस चहा पीत उभे होते. आत्याला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

“ताई, मंडळ्या बावीस आणि पाळक चौदा. त्यातले दोन आजारी. मी माणूस आणू कुठून?”

“हे पत्रात का नाही लिहिलंत?”

चिटणिसांनी कप कठड्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, “खरं सांगू? ती समिती वर्षभर बसलीच नाही. तिचे प्रमुख निवृत्त झाले. पत्रं नुसती फाइलला लागतात, प्रश्नावल्या आणि आमंत्रणं कार्यालयातला कारकून धाडतो.”

मला वाटलं, आत्या आता यांना फाडून खाणार. पण ती बाकावर बसली आणि शेजारच्या जागेवर थाप मारून म्हणाली, “बसा. आमच्या जवळपास कोण कोण आहे ते सांगा.”

सभेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोघांनी यादी केली. तासाभराच्या अंतरावर तीन पाळक निघाले. त्यांच्यातल्या एकांची उपासना साडेनऊलाच संपायची. आमची अकराला ठेवली की झालं! त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. चिटणिसांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून पाळक म्हणाले, “येतो की. पहिल्या रविवारी चालेल?”

ते आले. काकूंच्या नातीने डोक्यावर पाणी पडताच “नको!” म्हणून चर्च दणाणून सोडलं, आणि काकू रडता रडता हसत होत्या. उपासनेनंतर पाळक थांबले, कोण आजारी आहे ते विचारून दोन घरी जाऊन आले. तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार त्यांचा. बाकीच्या रविवारांसाठी मंडळीच्या तिन्ही वडिलांना शास्त्रवचन समजावून सांगायला शिकवावं असं ठरलं. त्यासाठी आम्हाला कुठे जावं लागलं नाही. शिकवणारे गुरुजीच आठ शनिवार आमच्याकडे आले. होयबा वडील आता बरं बोलतात, फक्त थांबत नाहीत.

आमचा स्वतःचा पाळक अजून आलेला नाही. आणि आत्याच्या मागे भलतंच लचांड लागलंय. प्रेसबितेरीने तिलाच साहाय्य समितीवर घेतलंय. प्रश्नावली तिने पहिल्याच बैठकीत बाद केली. त्याऐवजी ती एकेका मंडळीला फोन करून विचारते, या महिन्यात तुमचं काय अडलंय?

परवा एका मंडळीचे वडील म्हणाले, “विचार करून कळवतो. तुम्ही आधी लेखी काहीतरी पाठवा ना.”

आत्याने फोन ठेवला, टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या, आणि मला त्यांच्या गावच्या शनिवारच्या बसची वेळ बघायला सांगितली.