बर्फाच्या कारखान्यातला कॅनडावाला

दुबईच्या देरा भागात त्या दिवसांत राबणारी जेवढी माणसं होती, त्या सगळ्यांचा थकवा एका पारड्यात आणि आमच्या कॅनडावाल्याचा दुसऱ्या पारड्यात टाकला असता, तर त्याचंच पारडं खाली गेलं असतं. सहा फुटांवर उंची, काळाभोर रंग, डाव्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण, वरचे दोन दात खोटे. बसला की असा बसायचा, जणू पुन्हा उठायचा त्याचा काही विचारच नाही. आणि तरीही अख्ख्या कारखान्यात एका जागी न ठरणारा माणूस तोच. दर दहा मिनिटांनी मोठा सुस्कारा टाकून उठायचा, अमोनियाच्या नळ्यांवरून हात फिरवायचा, कॉम्प्रेसरला कान लावायचा आणि परत येऊन पहिल्यापेक्षा जास्त दमून बसायचा.

मी मुरूडचा. साठच्या दशकात बोटीने दुबईला आलो आणि खाडीच्या कडेला एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, बर्फाच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून चिकटलो. टाइप करण्यासारखं तिथे फार नव्हतं. मासेमारीच्या होड्या, मच्छीबाजार आणि दोनचार बडी घरं एवढंच आमचं गिऱ्हाईक. कॅनडावाला माझ्या आधी वर्षभर आला होता. यंत्रं विकणाऱ्या कंपनीने त्याला यंत्रं बसवायला पाठवलं होतं. ती बसली, आणि तोही बसला. गावात आफ्रिकी वंशाची माणसं पुष्कळ, त्यामुळे पहिल्यांदा भेटणारा प्रत्येक जण त्याच्याशी अरबीत बोलायचा. एखादा झांझिबारचा खलाशी स्वाहिलीत चौकशी करायचा. तो सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी इंग्रजीत म्हणायचा, "मी कॅनडाचा." यावर कुणाचाही विश्वास बसत नसे. आमचे फोरमन इब्राहिमचाचा राजपुरीचे. ते तर मला म्हणायचे, "मास्तर, याचा आजा नक्की आमच्या जंजिऱ्याचा सिद्दी असणार. नाक बघ."

बर्फाच्या बाबतीत हा गृहस्थ सोनारासारखा होता. साच्यातून लादी निघाली की बोटांनी ठोकून आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा, "ही घाईत झालेली आहे," किंवा "ही आळशी लादी, दुपारच्या आत रडेल." पण पाण्याच्या ग्लासात बर्फाचा खडा टाकू देत नसे. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, जिभेला फोड येईल असा कढत चहा प्यायचा. मी एकदा कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, "ज्या जमिनीवर उभं राहून मोठा झालो, ती पाण्यात घालून पिऊ?" शुक्रवारी सकाळी ताडपत्रीच्या पिशवीतून तो आपले बूट काढायचा. तळव्याला सुरीसारखी पाती असलेले बूट. खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून त्या पात्यांना तो बारीक दगडावर धार लावून तेल पाजायचा. ही बातमी मच्छीबाजारात गेली आणि दर शुक्रवारी कोळ्यांची रांग लागू लागली. तो कंटाळलेल्या चेहऱ्याने प्रत्येकाचा सुरा परजून द्यायचा आणि बदल्यात कुणी सुरमई दिली तर इतका संकोचायचा, की ती शेवटी चाचांच्या तव्यावर जायची.

हे बूट घालून आपण बर्फावर हॉकी खेळायचो, असं त्याने सांगितलं तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं. मी शाळेत हॉकी खेळलेलो, शिवाय ऑलिंपिकची सुवर्णपदकं आपल्या देशाकडे. त्यामुळे हॉकी म्हणजे काय ते मी कॅनडाच्या माणसाकडून ऐकून घेणार नव्हतो. "चेंडूऐवजी रबराची चकती? आणि काठीच्या दोन्ही बाजू वापरायच्या? आमच्याकडे याला फाऊल म्हणतात," मी म्हणालो. तो म्हणाला, "आमच्याकडे समोरच्याचे दात पडले तरच फाऊल म्हणतात." पुढच्या शुक्रवारी त्याने कारखान्याच्या ओल्या सिमेंटवर प्रात्यक्षिक ठेवलं. चकतीच्या जागी विटेएवढा बर्फाचा तुकडा, काठ्या होडीच्या तुटक्या वल्ह्यांच्या, आणि गोलात करंडीचं झाकण धरून इब्राहिमचाचा. आम्ही अनवाणी. दोन बाजूंनी पळता पळता तुकडा विरघळून गेला, त्यामुळे सामना कोण जिंकलं हे ठरलंच नाही. पण त्या पाच मिनिटांत मी जे पाहिलं ते विसरलेलो नाही. तो थकलेला माणूस तिथे नव्हताच. त्याच्या वल्ह्याला चिकटलेला बर्फ मला एकदाही शिवता आला नाही, आणि तो कधी डावीकडून गेला नि कधी उजवीकडून, तेही कळलं नाही.

त्याची एक खोड मात्र सगळ्यांना डाचायची. कुठेही बसण्याआधी तो विचारायचा, "इथे बसू का?" कोपऱ्यावरच्या मलबारी चहावाल्याकडे आम्ही रोज जात असू, तिथेही रोज विचारायचा. चहावाला वैतागून म्हणायचा, "बाबा, बाक तुझ्या नावावर करून देऊ का?" एक दिवस चाचांचा संयम संपला. "याला विचार मास्तर, हा असं का करतो. कुणी याला उठवलंय कधी?" मी ते इंग्रजीत विचारलं. त्याने चहा संपवला आणि मग सांगितलं.

वडील रेल्वेत हमाल. थंडीत गोठणाऱ्या तळ्यावर भावांबरोबर तो खेळायला शिकला. गावच्या संघात सगळ्यांत जास्त गोल त्याचे. व्यावसायिक संघाने पत्र पाठवून चाचणीला बोलावलं, आणि हा दारात उभा राहिल्यावर मॅनेजर म्हणाला की जागा कालच भरली. दुसऱ्या संघाने घेतलं, पण परगावी सामना असला की हॉटेलवाले याला खोली देत नसत. मॅनेजर म्हणाला, "खेळायचं माझ्याकडे, झोपायचं तुझं तू बघ." मग तो स्टेशनच्या बाकावर रात्र काढायचा, आणि तिथूनही पोलीस उठवायचा. महिन्याभराने संघातून काढलं. कागदावर कारण लिहिलं, 'पाय मंद'. "ते खोटं नव्हतं," तो म्हणाला, "माझे पाय खरंच मंद झाले होते." पुढे त्याच गावच्या बर्फाच्या मैदानाने त्याला नोकरी दिली, मैदानाखालची यंत्रं सांभाळायची. म्हणजे बर्फ याने गोठवायचा आणि खेळायचं दुसऱ्यांनी. हे सारं मी चाचांना मराठीत सांगितलं. ते मग म्हणाले, "आमच्याकडे सिद्दी नबाब होते. त्यांच्या दारात आम्ही विचारायचो, बसू का म्हणून." आणि चहावाल्याला त्यांनी आणखी एक कढत चहा सांगितला.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. कॅनडात आणि अमेरिकेत नव्या शहरांत नवे संघ निघत होते. त्यांना पाठवायची पत्रं त्याला टाइप करून हवी असत. वय, वजन, उजव्या बाजूने खेळतो, अनुभव अमुक. मजकूर मला पाठ झाला होता. बदलायचं ते फक्त वय. पहिली दोन वर्षं उत्तर आलं नाही. तिसऱ्या वर्षी एका संघाचं आलं: अनुभव चांगला दिसतो, निवडीच्या शिबिराला येऊ शकाल का? मी टाइपरायटर सोडून उठलो. तो मात्र पत्र हातात धरून तसाच उभा. म्हणाला, "उत्तर लिही. येतो म्हणून. आणि सोबत फोटो जोडू."

"फोटो त्यांनी मागितलेला नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच."

"आधी जा तर खरा. खेळ बघितला की कोण काय म्हणणार आहे?"

"मला बघून समोरच्याचा चेहरा पडतो ना, ते बघायचा मला कंटाळा आलाय," तो म्हणाला. "पडायचाच असेल तर तिकडे त्यांच्या टपालात पडू दे. मी इतक्या लांब ते बघायला जाणार नाही."

तेव्हा आम्ही अब्र्यात, म्हणजे उतारूंच्या होडीत, बसून खाडीपलीकडे बर दुबईला एका सिंधी फोटोग्राफरकडे गेलो. दोन दिवसांनी फोटो आणायला गेलो, तर पाकिटातून भलताच माणूस निघाला. नाक-डोळे याचेच, पण रंग गव्हाळ, गालांवर लाली. फोटोग्राफर अभिमानाने म्हणाला, "साहब, उजला कर दिया. शादी के लिए भेजना है ना? सबका करता हूँ, अलग पैसा नहीं लेता." कॅनडावाला फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता हा काउंटर उलटा करणार. तो म्हणाला, "याला घेतील." मग त्याने फोटो अलगद परत पाकिटात सरकवला आणि म्हणाला, "आता माझा काढा."

दुसरा फोटो गेला. त्यानंतरचे दोन महिने दमट हवेत कागदसुद्धा ओले लागत होते आणि कारखान्यात कुणी त्या विषयावर बोलत नव्हतं. उत्तर आलं ते दोन ओळींचं: फोटो मिळाला. शिबिराची तारीख सोबत कळवत आहोत, येताना आपले बूट आणावेत. मी ते मोठ्याने वाचलं. तो म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग तो कॉम्प्रेसरकडे गेला, कारण पट्टा घसरत होता, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. निघायच्या दिवशी विमानतळावर चाचांनी त्याला सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी दिली आणि शिजवायची रीत माझ्याकडून इंग्रजीत टाइप करवून घेतली. त्या वेळी त्याचं वय तेहेतीस होतं. त्या खेळात हे म्हातारपणच.

दोन वर्षांनी हिवाळ्यात एका सकाळी तो कारखान्याच्या दारात उभा दिसला. उजवा पाय ओढत होता. अरबाबाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "खलास?" तो म्हणाला, "खलास." अरबाब म्हणाला, "यल्ला, चल कामाला, दोन नंबरचं मशीन महिनाभर बंद आहे." झालं. एवढ्या भांडवलावर तो पुन्हा नोकरीला लागला.

दुपारी चहाच्या बाकावर आम्ही त्याला घेरलं. एकूण अकरा सामने खेळलो, म्हणाला. बाकीचा वेळ बाहेर बसून. एका गावात लोकांनी वरून अंडी आणि शिव्या फेकल्या. एका प्रतिस्पर्ध्याने काठी तोंडावर मारली. तेव्हा पंधरा दिवस न बोललेला संघाचा कप्तान त्याच्या बाजूने मारामारीत उतरला आणि नंतरही बोलला नाहीच, फक्त बसमध्ये शेजारी येऊन बसला. एक गोल केला. "सुंदर नव्हता. कुणाच्या तरी पायाला लागून आत गेला." एका हॉटेलात त्याने सवयीने विचारलं, इथे राहू का? कारकुनाने वर न बघता यादीत नाव शोधलं आणि किल्ली सरकवली. "मी खोलीत गेलो आणि सबंध दुपार झोपलो. सामना जवळजवळ चुकलाच." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते गोलाचं सांगताना नव्हतं.

चाचा म्हणाले, "अकरा सामन्यांसाठी एवढं आयुष्य घातलं?"

मी त्याला विचारलं. तो गुडघा चोळत म्हणाला, "आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा चांगले खेळणारे तिघे होते. त्यांचा एकही सामना नाही."

वर्षभराने तो कायमचा घरी गेला. गुडघ्याला उष्णता मानवत होती, पण आई एकटी पडली होती. पत्रं यायची, आधी दोन महिन्यांनी, मग सहा. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की गावच्या क्लबने लहान मुलांना शिकवायला ठेवलं आहे, आणि त्यांच्यात दोघी काळ्या बहिणी आहेत. फार वेगवान. भरधाव येतात, कुणालाही धडकतात, आणि सरळ जाऊन कुठल्याही बाकावर बसतात. आपल्याला इथे कुणी नको म्हणू शकलं असतं, हे त्यांच्या मनातही येत नाही. खाली विचारलं होतं, 'त्यांना सांगावं की नाही? तू शिकलेला आहेस, तू कळव.'

मी शिकलेला नव्हतो, नुसतं टायपिंग येत होतं. आठवडाभर कागद चढवून ठेवला होता. कारखान्यात त्या दिवसांत फार काम होतं, घरून आजारपणाची पत्रं येत होती, मीही थकलो होतो. शेवटी एवढंच लिहिलं, 'सांग. पण घाई करू नकोस, हा हिवाळा त्यांना खेळू दे.' पत्र टपालात टाकलं. ते त्याला मिळालं की नाही, कळलं नाही. त्याच्याकडून पुन्हा काही आलं नाही आणि मीही लिहिलं नाही. आमच्याकडे उन्हाळा चढला की मी कधीतरी मनाशी हिशेब करतो, तिकडे आता तळं वितळलं असेल, आणि त्या दोघी मोठ्या झाल्या असतील.