बारा मोटारी

कुणी पंखा उघडून बसलेलं दिसलं की मला शांताबाई आठवतात. त्या आमच्या कारखान्यात पंखे जोडायच्या. पंखा जोडला की कॉम्प्युटरवरच्या साठ्यातून मोटार वजा करायची, परत खोलला की जमा करायची, हे माझं काम.

एकदा मोजणीत बारा मोटारी कमी भरल्या. संशय शांताबाईंवर आला. गेटवर सगळ्यांदेखत त्यांची पिशवी तपासली, त्यांना घरी बसवलं. आठवड्याने चूक सापडली. खोललेले बारा पंखे मीच दोनदा जमा केले होते.

मी त्यांच्या घरी गेलो. “बाई, चूक माझी होती. उद्यापासून या.”

“गेटवर कामावरून सुटलेली माझी सूनही उभी होती,” त्या म्हणाल्या. “तीही काही बोलली नाही.”

नोंद दुरुस्त करायला मला मिनिटही लागलं नव्हतं.