गार न होणारा माठ

रेवा, कबीर, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विज्ञानाचं उत्तर मला घडाघडा वाचून दाखवलंत. मी विचारलं, "कशावरून?" कबीर म्हणाला, "आजी, उत्तर बरोबर आहे ना, मग झालं!" तो प्रश्न मुळात माझा नाही. ज्यांच्याकडून उचलला, त्यांच्याबद्दल तुम्हाला लिहायचं राहूनच जात होतं. म्हणून आज बसले.

अहमदपूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तेव्हा विज्ञानाला एक बाई होत्या. जळकोटहून एसटीने यायच्या. मूल उत्तर सांगू लागलं की खडू कानामागे खोचायच्या आणि म्हणायच्या, "हाव. पण कशावरून?" मूल अडलं तर रागवत नसत. "बघून ये, मग लिही."

स्टाफरूममध्येही सुटका नव्हती. एकदा मी म्हणाले, "आज फार उकडतंय."

"कशावरून, मॅडम?"

"माझ्या घामावरून!" मी वैतागले.

"आता कसं उत्तर पुरं झालं!"

आमच्या भागात मार्क म्हणजे घराची अब्रू. दहावीची मुलं गाईडमधली उत्तरं स्वल्पविरामासकट पाठ करत. नुसत्या पाठ उत्तराला निम्मेच मार्क मिळतील, असं बाईंनी वर्गाला आधीच बजावलं होतं.

सहामाहीला प्रश्न होता : माठातले पाणी गार होते, शास्त्रीय कारण लिहा. एका मुलीने लिहिलं, "आमच्या माठातलं पाणी गार होत न्हाई. मावशीनं त्याला ऑइलपेंट दिला हाय. बारकी छिद्रं बुजली. पाणी बाहीर झिरपतच न्हाई, मग त्याची वाफ कशी हुईल आन आतलं गार कसं हुईल?" तिला पूर्ण मार्क. संस्थेच्या सचिवांच्या मुलाने गाईड उतरवलं होतं. त्याला निम्मे.

सचिव तडक हेडमास्तरांच्या खोलीत आले. बाईंबरोबर मीही गेले.

"गार होत न्हाई लिहिणाऱ्या पोरीला पूर्ण, आन माझ्या पोराला निम्मे? मार्क दुरुस्त करा, न्हाईतर दहावी सोडा."

"तिनं बघून लिहिलंय, साहेब. भाषा मी सुधारून घेईन. मार्क बदलणार न्हाई."

"पुस्तकात हाय का तसं?"

"माठात हाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या मुलीच्या घरून रंगवलेला माठ मागून आणला. शाळेच्या साध्या माठाशेजारी ठेवून सकाळीच दोन्ही भरले. दुपारी सचिव बाईंचा निर्णय ऐकायला आले, तर त्यांच्यापुढे पाण्याचे दोन पेले.

त्यांनी दोन्ही प्यायले. "फरक हाय," म्हणाले. "पण बोर्डाला पाणी पाजणार का तुम्ही?"

"वेळ आली तर पाजू की."

मार्क बदलले नाहीत. दहावी मात्र काढून घेतली आणि बाईंना पाचवी दिली. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खडू कानामागे खोचला. "बरंच झालं, मॅडम. पाचवीपतूर गाईड अजून पोचलं न्हाई."

निवृत्त होईपर्यंत त्यांनी पाचवीच शिकवली. त्यामुळे झालं असं की, पुढे दहावीत जाणारा प्रत्येक वर्ग आधी त्यांच्या हाताखालून जाऊ लागला आणि दहावीच्या सरांनाच "कशावरून?" विचारू लागला. सचिवांच्या हे ध्यानात आलं, तोवर फार उशीर झाला होता.

गेल्या उन्हाळ्यात बाई वारल्या. मी शाळेत जाऊन आले. रंगवलेला माठ त्या मुलीच्या घरी परत गेलाच नाही, व्हरांड्यात साध्या माठाशेजारी अजून आहे. पाचवीची मुलं दोन्ही रोज भरतात. रंगवलेल्यातलं पाणी अजूनही गार होत नाही.