दर्भाचा भाऊ

"कागद ठेवा मास्तर, गोष्ट सांगा," असं म्हणून तो आरशाला नमस्कार करायचा आणि दाढी घोटलेल्या गालांवर रंग चढवायचा. मिठबावचा हा गडी दशावतारात चाळीस वर्षं बाईची कामं करत आला. लुगडं नेसून उभा राहिला की गावातल्या बायका आपला पदर सावरून घ्यायच्या. मी बघितलंय, थट्टा नव्हे.

मी कुडाळच्या कॉलेजात मराठी शिकवतो. महोत्सवासाठी एक जुनं ग्रीक शोकनाटक मी मराठीत आणलं. राजाचा हुकूम मोडून बहीण मेलेल्या भावाला माती देते, एवढीच गोष्ट. बहिणीचं काम यालाच, हा माझा हट्ट. पहिल्या तालमीत माझी घासूनपुसून लिहिलेली वाक्यं सोडून हा मनाने बोलत सुटला. दशावतारात संवाद उभ्या उभ्या सुचतात, पाठ कोण करतो! मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला.

प्रेत म्हणून चादरीत गुंडाळलेली उशी होती. दुसऱ्या दिवशी ती सारून त्याने दर्भाचा पुतळा ठेवला. दर्यात गेलेला माणूस सापडला नाही, तर आमच्याकडे असाच पुतळा करून अग्नी देतात.

"मूळ नाटकात हे नाही," दिग्दर्शक म्हणाले.

"तिका भाव गावलो तरी," तो म्हणाला. "माका खंय गावलो?"

त्याचा धाकटा भाऊ होडीसकट दर्यात गेला होता, तो सापडलाच नव्हता. आई 'येतलो, येतलो' म्हणत वाट बघत राहिली, म्हणून त्याचा पुतळा कधी केलाच नव्हता. नाटकात पुतळाच राहिला.

इंग्रज साहेबाने शिकवलेलं ते थोर नाटक आणि देवळापुढे होतो तो नुसता खेळ, अशी वाटणी मीही वर्गात करत आलो होतो. प्रयोगात त्याने पुतळ्याला हाक मारली आणि माझी मलाच लाज वाटली. मग अभिमानाने ऊर भरून आला. हा आमचा माणूस, असं शेजारच्या अनोळखी पाहुण्यालासुद्धा मी सांगितलं.

पडदा पडल्यावर पहिल्या रांगेतली त्याची म्हातारी आई काठी टेकत रंगमंचापाशी गेली.

"आता तेका अग्नी दी रे, बाबा," ती म्हणाली.

हा गडी जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या डोळ्यांपुढे अजून प्रयोगानंतरची ती मिठबावच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ येते. आई वाळूत बसली होती. लुगडं बदलायला तो थांबलाच नव्हता. बहिणीच्या वेशातच त्याने भावाला अग्नी दिला.