मी एकटाच बसतो

मास्तर गणित शिकवून निवृत्त झाले आणि त्यांनी आपल्या जुन्या स्पोर्ट्स गाडीला कडक स्प्रिंगा, मोठ्या रिंगा आणि कमी जाडीचे टायर बसवून घेतले. वळणावर गाडी आता रस्ता सोडत नसे. मास्तर हरखून गेले.

शेजारी बसणाऱ्या बायकोची कंबर मात्र जुनीच होती. गतिरोधक आला की कडक स्प्रिंगांचा धक्का थेट कमरेत बसू नये म्हणून ती दाराची मूठ धरून सीटवरून जराशी उठायची. तक्रार कधी केली नाही.

आज बाजाराच्या कोपऱ्यावर ती म्हणाली, "अहो, मला इथंच सोडा. पुढं खड्डे आहेत, मी चालत येते. तुमच्या लाडकीला सांभाळून न्या."

मास्तरांना गॅरेजमधला दिवस आठवला. स्प्रिंगा निवडताना मेकॅनिकनं विचारलं होतं, "गाडीत कोण कोण बसतं?" आणि कडक स्प्रिंगांच्या मोहापायी ते पटकन म्हणाले होते, "मी एकटाच."

त्यांनी तिला उतरू दिलं नाही. गाडी मुंगीच्या पावलांनी घरी नेली आणि मग एकट्यानंच गॅरेज गाठलं.

"जुन्या स्प्रिंगा ठेवल्यास ना रे?"

"ठेवल्यात की. का मास्तर, एवढ्यात हौस फिटली?"

"हौस आहे रे. पण तुला खोटं सांगितलं होतं," मास्तर खाली बघत म्हणाले, "शेजारी बायको बसते."